बोलायचा ठेका आपल्याच गळ्यात

लातूर-परभणीकडं अबोल माणसाचं फारसं अडत नाही. पाहुण्यांशी आई बोलते, सोयरिकीच्या बैठकीत मामा बोलतो, आणि पारावर तासभर गप्प बसलं तरी कुणी कारण विचारत नाही. माणसं भरपूर, पण बोलायचा ठेका दुसऱ्याकडं. अमेरिकेतल्या ऑफिसात तो आपल्याच गळ्यात येतो. तिथं गप्प माणूस मर्यादशील दिसत नाही, तयारी न करता आलेला दिसतो.

‘हाऊ आर यू?’ ही विचारपूस नव्हे, आपल्या ‘राम राम’सारखं आहे. ‘गुड, अँड यू?’ म्हणायचं आणि चालत राहायचं. सोमवारी ‘वीकेंड कसा गेला?’ याला मात्र दोन वाक्यं लागतात, मग उलटा तोच प्रश्न. ‘काही विशेष नाही’ म्हटलं की बोलणं तिथंच मरतं. ‘मूळचे कुठले?’, पगार, लग्न हे आपल्याकडचे ओळखीचे दरवाजे तिथं बंद ठेवा. पाऊस-थंडी, खाणं, घरचं कुत्रं हे विषय चालतात.

मीटिंगमध्ये कुणी विचारेल तेव्हा बोलू, ही आपली शाळेपासूनची सवय. तिथं कुणी विचारतच नाही. एक वाक्य आधी लिहून न्या आणि पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाका. जितका उशीर, तितकं तोंड जड. राहिलंच तर त्याच दिवशी मेल करा. रोजचा पंधरा मिनिटांचा ‘स्टँड-अप’, म्हणजे टीमची छोटी बैठक, उलट सोपा: पाळी आपोआप येते, आणि काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं, एवढंच सांगायचं.

पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा, ही तर अबोल माणसाची सोय. हातात भांडं असलं की विषय आयता मिळतो. फक्त आपलं निम्मं रांधणं शेंगदाण्याच्या कुटावर चालतं, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. तिळाचंही तसंच, २०२३ पासून तिथं पाकिटबंद खाण्यावर तीळ असल्याचं लिहिणं सक्तीचं आहे. घरच्या डब्यावर कोण छापणार? भांड्यापुढं चिठ्ठी ठेवा: शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, तिखट आहे. (तिखटाचं तर ठळक लिहा.)

पॉटलकला वेळेवर जा, उशिरा नको. चौघांत शिरणं जमतं, चाळिसांत नाही. तास-दीड तासानं निघालं तर कुणी रागावत नाही. यजमानाला शोधून आभार मानायचे आणि निघायचं. ‘येऊ का मग?’ म्हणून उंबऱ्यात आणखी अर्धा तास उभं राहावं लागत नाही.