डॅफ्निया सोडण्याआधी पाणी तपासा

तळ्याचं हिरवं पाणी डॅफ्निया (पाण्यातला इवलासा कवचधारी जीव) नितळ करू शकते, पण प्रत्येक हिरवेपणा तिच्या आवाक्यातला नसतो. ती पाण्यातले साधारण 1 ते 50 मायक्रॉनचे कण गाळून खाते, त्यामुळे सुटं, एकपेशीय शेवाळ ती फस्त करते. दोऱ्यांसारखं शेवाळ मात्र तसंच राहतं. पाण्यावर निळसर-हिरवी साय धरत असेल तर ते बहुधा मायक्रोसिस्टिस, म्हणजे पुंजक्यांनी वाढणारं निळं-हिरवं शेवाळ असतं. त्याचे पुंजके गिळायला मोठे, पोषणाला निकस आणि अनेकदा विषारी. तिथे डॅफ्नियाच्या भरवशावर राहू नका.

म्हणून आधी बरणीत करून बघा. दोन बरण्यांत तळ्याचं एकेक लिटर पाणी घ्या, एकीत 20 मोठ्या डॅफ्निया सोडा आणि दोन्ही सावलीत ठेवा. शेवाळ आपोआपही तळाशी बसतं, म्हणून दुसरी बरणी हवीच. तीन दिवसांनी दोन्हींमागे छापील कागद धरा. अक्षरं सारखीच पुसट दिसली तर तळ्यात सोडण्यात अर्थ नाही.

खरा अडसर माशांचा. गप्पी असोत की गोल्डफिश, सोडलेल्या डॅफ्निया ते हां हां म्हणता संपवतात. मासे काढता येत नसतील तर तळ्याचा एक कोपरा बारीक जाळीने अडवा, आत पाणवनस्पतींची दाटी करा आणि तिथे डॅफ्नियाची पैदास होऊ द्या. 20 अंश सेल्सिअसच्या आसपास पिल्लू आठ-दहा दिवसांत विणीला येतं. पाणी फार तापत असेल तर डॅफ्नियाची छोटी नातलग मोइना जास्त तग धरते.

सोडायची वेळ सकाळची, ऊन आल्यावर एक-दोन तासांनी. पहाटे गर्द हिरव्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. दुपारी पीएच 9च्या वर जातो आणि मग थोडा अमोनियाही जीवघेणा ठरतो. डॅफ्नियाची पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवा, अर्धा तास तळ्याचं पाणी थोडं थोडं मिसळा आणि मगच सोडा. शेवाळ मारायला तांब्याचं औषध टाकलं असेल तर डॅफ्निया हमखास मरतात, नळाच्या क्लोरीननेही मरतात. हवेच्या पंपाचे बारीक बुडबुडे कवचात अडकले की त्या पाण्यावर तरंगत राहतात आणि खाणं थांबतं.

पाणी नितळलं की उपासमारीने डॅफ्निया झपाट्याने घटतात. त्यांच्या विष्ठेतलं आणि मेलेल्या शरीरातलं फॉस्फरस पाण्यातच राहतं, त्यावर शेवाळ परत वाढतं. ऊन तळापर्यंत पोचतं आहे तेवढ्यात हायड्रिला, वॅलिसनेरिया अशा पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती लावून घ्या आणि माशांचं खाणं कमी करा.