प्लेटला भोकं पडेपर्यंत

पहिल्या दोन खेपांना प्लेटवर काहीच घडलं नाही. जिवाणूंचा दुधट थर मात्र मस्त जाडजूड, कुठे ओरखडासुद्धा नाही. माझं काम तसं साधं होतं. डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम या सामाजिक अमीबाचे बीजाणू क्लेबसिएला जिवाणूंत मिसळून प्लेटमधल्या अगारच्या जेलीवर पसरायचे आणि अमीबांनी थर खाऊन पाडलेली भोकं मोजायची.

तिसरी प्लेट ठेवताना लॅबमधल्या ताईनं पाहिलं. "अगं, ३७ अंशांवर? मातीतले जीव आहेत ते, २२ वर ठेव." जिवाणू म्हटलं की ३७, हे हातात इतकं बसलेलं की अमीबांचा विचारच केला नव्हता. केनेथ रेपर यांना १९३३ साली ही जात सापडली तीच मुळी नॉर्थ कॅरोलिनातल्या जंगलात, कुजक्या पानांमध्ये. एवढं तरी आधी वाचायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी टाचणीच्या डोक्याएवढी नितळ भोकं! मोजणी राहिली बाजूला. एका भोकाची कड किंचित खरवडली, थेंबात घेतली आणि मायक्रोस्कोपखाली धरली.

मला वाटलं होतं, अमीबा झडप घालेल. तसलं काही नाही. जिवाणूंकडून फॉलिक ॲसिड झिरपतं, त्याचा माग काढत तो रेंगाळत येतो. समोर एक जिवाणू टेकला. अमीबाची कड दोन्ही बाजूंनी वाटीसारखी उचलली गेली, काठ जुळले, संपलं. जिवाणू आतल्या पिशवीत. तिथे आम्ल आणि पाचकरसांत तो विरघळणार. शेजारच्याची वाटी मिटायच्या आत मात्र जिवाणू घरंगळून गेला. त्याचं मला उगाचच वाईट वाटलं.

असं पोटभर मिळालं की तीन-चार तासांत एकाचे दोन होतात, म्हणून भोक कडेनं वाढत जातं. मधल्यांचं अन्न संपतं, मग ते सायक्लिक एएमपी हे रसायन सोडून एकमेकांना हाका मारतात आणि गोळा होतात. पुढे त्यांतले साधारण एक पंचमांश देठ होऊन मरतात, बाकीचे वर बीजाणू होतात.

हे सगळं बघत दुपार गेली. दुसऱ्या दिवशी मोजायला बसले तर भोकं एकमेकांत मिसळलेली. ताई म्हणाली, "आता बीजाणू दहापट पातळ करून घे." चौथी प्लेट ठेवली. २२ वर.