रीफ टँकची नोंद: १२ डीकेएचच्या मिठावरून ८ च्या मिठावर

कोल्हापुरातल्या माझ्या घरच्या रीफ टँकचं (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं) समुद्री पाणी ज्या तयार मिठाने बनवतो, ते मीठ बदलून झालं, पावसाळाही अर्धा सरला, त्यामुळे आता आकडे लिहायला हरकत नाही.

टँक सम्पसकट (खालच्या जोडटाकीसकट) साधारण २०० लिटरचा. आत झोअँथिड, मश्रूम, एक टोडस्टूल लेदर असे मऊ प्रवाळ, म्हणजे सॉफ्ट कोरल, आणि खडकांवर पसरत चाललेला जांभळा कोरलाइन शेवाळ. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरून ‘एखादा तुकडा’ आणून देतो म्हणणाऱ्या मित्रांना हात जोडले आहेत.

आधीचं मीठ कोरल प्रो जातीचं, म्हणजे मिसळल्यावर १२ डीकेएचच्या आसपास जाणारं. (डीकेएच हे अल्कलिनिटीचं माप; अल्कलिनिटी म्हणजे ढोबळमानाने पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट, ज्यातून प्रवाळ सांगाडा बांधतात.) असं मीठ वाईट नसतं. भराभर वाढणारे दगडी प्रवाळ भरलेल्या टँकमध्ये रोज अल्कलिनिटी खपते, तिथे त्याचा उपयोग आहे. माझ्या सॉफ्ट कोरलांना दगडी सांगाडा बांधायचाच नाही. माझा खप आठवड्याला जेमतेम पाव डीकेएच, तोही बहुतेक कोरलाइनचा. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत गेल्यावर टँक ९.५ वर येऊन बसला होता. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण उद्या काही कारणाने ३० टक्के पाणी एकदम बदलायची वेळ आली, तर पाऊण डीकेएचची उडी एका दुपारीत. कोरलांना ९.५ चालतं, ८ ही चालतं. सारखं वरखाली मात्र चालत नाही. म्हणून मीठ घेताना बादलीवर किती मोठा आकडा छापलाय ते मी बघत नाही. टँकमध्ये जो आकडा धरायचा, त्याच्या जवळचं मीठ घ्यायचं.

खऱ्या समुद्रात अल्कलिनिटी ७ च्या आसपास, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आतबाहेर आणि मॅग्नेशियम १३०० च्या जवळ असतं. आता वापरतोय ते ८ च्या आसपासचं मीठ आहे. पाणीबदलाचा क्रम तोच ठेवला, वेगळं काही केलं नाही. महिनाभरात टँक आपोआप ८.१ वर उतरला. टोडस्टूलने एकदा कात टाकली, पण तो एरवीही टाकतो.

मात्र ८ च्या मिठाने खप भरून निघत नाही, आणि नुसत्या पाणीबदलावर सोडलं तर आकडा घसरत जाणार. त्यावर उपाय किराणा दुकानातला: खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, साधा सोडा. १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की १ डीकेएच वाढतो. माझ्या पाव डीकेएचला आठवड्याला दीड ग्रॅम पुरतो, तो आरओच्या पाण्यात विरघळवून सम्पमध्ये सावकाश सोडायचा. कॅल्शियम वेगळं घालत नाही. २.८ डीकेएच खपतो तेव्हा सुमारे २० पीपीएम कॅल्शियम जातं. या हिशोबाने आठवड्याला दोन पीपीएमसुद्धा जात नाही, आणि टेस्ट किटला तेवढा फरक दिसतही नाही. ते पाणीबदलातून भरून निघतं.

दीड ग्रॅम मोजायला गुजरीतले सराफ वापरतात तसला छोटा डिजिटल काटा घेतलाय. त्याचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा मोजणारं उपकरण) आरओच्या पाण्यावर शून्याला लावला म्हणजे तो ३५ लाही बरोबर दाखवेल असं नाही. त्यातून बाजारातले बरेचसे रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात. ३.६५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६.३५ ग्रॅम आरओ-डीआय पाणी (आरओनंतर डीआय, म्हणजे उरलेले क्षार काढणाऱ्या फिल्टरमधून गेलेलं) घ्या. हे द्रावण ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) समुद्राच्या पाण्याइतकाच प्रकाश वाकवतं. त्यावर पट्टी ३५ ला लावा आणि मगच टँकचं पाणी तपासा.

आता पावसाळ्याबद्दल. पुण्या-सोलापूरच्या मंडळींना हा त्रास कळायचा नाही. जुलैत कोल्हापूरची हवा इतकी दमट की उघड्या बादलीतलं मीठ चार दिवसांत ढेकूळ होतं. मिश्रणातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतात. मग वजनावर भरवसा नाही, कारण ग्रॅममध्ये पाणीही मोजलं जातं. दगडासारखं घट्ट झालेलं मीठ अल्कलिनिटीही कमी देतं. आतल्या आत कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसलेलं असतं, ते परत विरघळत नाही. मी मीठ दोन-दोन किलोच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत वाटून ठेवतो. त्याआधी बादली आडवी करून चांगली लोळवतो, कारण प्रवासात जड-हलके कण वेगळे होतात. मिसळताना आधी पाणी, चालू पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप), मग थोडं थोडं मीठ. मिठावर पाणी ओतलं तर दूध होतं आणि ते दूध म्हणजे वाया गेलेली अल्कलिनिटी.

नळाचं पाणी या दिवसांत गढूळ येतं, त्यामुळे सेडिमेंट फिल्टर लवकर तुंबतो. तो आणि कार्बन वेळेवर बदला, डीआयनंतर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य हवा. आणि साठा! २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली, शहर टँकरवर आलं होतं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर चढायला लागली की मी ६० लिटर आरओ-डीआय पाणी भरून ठेवतो. धरणातून शहरात पाणी आणणारी थेट पाइपलाइन आली तरी ही सवय सोडलेली नाही.

‘रत्नागिरी १३० किलोमीटरवर आहे की रं, पाणीच आण’ हा सल्ला प्रत्येक पाहुणा देतो. हिवाळ्यात बंदरापासून लांब, स्वच्छ पाणी मिळालं तर गाळून वापरता येतं, लोक वापरतातही. पावसाळ्यात नद्या ओतत असतात, किनाऱ्याजवळची क्षारता, म्हणजे खारेपणा, घसरलेली असते. आणि १०० लिटर म्हणजे शंभर किलोंच्या वर ओझं, आंबा घाटातून. मला मीठ स्वस्त पडतं.

सध्याचे आकडे: क्षारता ३५, अल्कलिनिटी ८.१, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, तापमान २५.५. पीएच तेवढा ७.९ वर अडकलाय. अल्कलिनिटी ठीक असताना पीएच खाली म्हणजे संशय खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडवर. पावसामुळे खिडक्या बंद, घरात माणसं भरपूर. स्किमरची (हवेच्या फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी भिंतीतून बाहेर काढून, टोकाला खाली वळलेला एल्बो (कोपऱ्याचा जोड) लावून बघतोय. कुणी आधी केलं असेल तर नळी किती लांब चालली ते सांगा, माझी तीन मीटर जाईल असं दिसतंय.