मायकेल्सन अपडेट: फ्रिंजेस खाणारा चोर सापडला

स्क्रू निर्दोष आहे, कडप्पाही निर्दोष आहे. चोर लेझरच्या डबीतच बसला होता.

मायकेल्सन म्हणजे घरी जमवलेला इंटरफेरोमीटर: लेझरचा किरण दोन भुजांत विभागायचा, आरशांवरून परत आणून एकत्र करायचा, की उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात, त्याच फ्रिंजेस. मागच्या वेळी कुठे अडलो होतो ते आठवत असेलच. सरकता आरसा मागे नेला की फ्रिंजेस फिक्या होत पुसल्या जायच्या आणि आणखी मागे नेला की पुन्हा ठसठशीत. तुमच्यापैकी बहुतेकांनी कंपनांवर बोट ठेवलं होतं. पण सोसायटीचा पंप चालू झाला की फ्रिंजेस नुसत्या थरथरतात, ठरावीक जागी गायब होत नाहीत. गुरुवारी वीज गेली तेव्हा पंप, लिफ्ट सगळं गप्प होतं. लेझरला वीज देणारं माझं ड्रायव्हर सर्किट बॅटरीवर चालतं. थरथर शोषायला कडप्प्याखाली ठेवलेल्या सायकल ट्यूबा नुकत्याच भरलेल्या. चित्र एकदम स्थिर, तरी त्याच जागी गायब!

मग संशय आरसा सरकवणाऱ्या एम-६ (६ मिमी जाडीच्या) स्क्रूवर. पिच १ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात तेवढा सरकतो, आणि गायब होण्याचं अंतरही जवळजवळ एका फेऱ्याएवढं. दर फेऱ्याला आरसा कलतोय असंच कोणीही म्हणेल. जुन्या बाजारात मायक्रोमीटरचा भावही काढून ठेवला होता. पण ते अंतर एका फेऱ्यापेक्षा किंचित जास्त भरायचं, त्यामुळे गायब होण्याची जागा दर वेळी स्क्रूच्या वेगळ्या कोनावर यायची. शिवाय लेझर डायोडचा (डबीतल्या चिपचा) करंट कमी केला की फ्रिंजेस दिसण्याचा पट्टा अरुंद व्हायचा. आता स्क्रूला करंटचं काय सोयरसुतक?

६५० नॅनोमीटर असं छापलेला हा डायोड प्रत्यक्षात एकाच तरंगलांबीवर चालत नाही. चिपची दोन टोकं म्हणजेच तिचे आरसे. मधलं अंतर साधारण ०.३ मिमी. त्यात साधारण ०.२ नॅनोमीटरच्या फरकाने अनेक मोड (किंचित वेगवेगळ्या तरंगलांब्या) बसतात आणि प्रत्येक मोड आपापल्या फ्रिंजेस काढतो. आरसा सरकला की त्यांची पावलं चुकतात. मग चिपची लांबी गुणिले अपवर्तनांक एवढा आरसा सरकला की सगळे पुन्हा एका तालात. अपवर्तनांक साडेतीनच्या वर, म्हणजे १ मिमीहून थोडं जास्त. बीएस्सीला सोडियम दिव्यावर केलेला प्रयोग आठवा: ५८९.० आणि ५८९.६ च्या जोडीमुळे दर ०.२९ मिमीला हाच लपंडाव.

खरी मजा यानंतर आली. करंट वाढवला तसा एक मोड बाकीच्यांवर शिरजोर झाला आणि फ्रिंजेस लांबवर टिकायला लागल्या. उलट उंबरठ्याच्या (लेझर सुरू व्हायला लागणाऱ्या किमान करंटच्या) बराच खाली आणला, तर चिप लालच दिसते, पण भिंतीवर लेझरच्या उजेडात दिसणारे चमचमते कण नाहीसे! फ्रिंजेस फक्त दोन्ही भुजा अगदी समान असताना, काही मायक्रॉनपुरत्या, आणि त्याही मोबाइलच्या कॅमेऱ्यालाच दिसल्या. तीच चिप, डोळ्याला तोच रंग, पण आता ती साधा दिवा झाली होती. उंबरठ्याखाली प्रत्येक फोटॉन (प्रकाशाचा कण) आपापल्या मर्जीने निघतो. वर गेलं की आधीचा फोटॉन पुढच्याला आपल्याच फेजमध्ये (तालात), आपल्याच दिशेने ओढून आणतो. आइनस्टाइनने १९१७ मध्ये कागदावर मांडलेली गोष्ट नॉब फिरवून घरात दिसते, यापुढे मायक्रोमीटर गेला खड्ड्यात.

'सरळ जातो तो लेझर' हे आता तरी सोडून द्या. भिंग काढलं की हाच डायोड एका बाजूने तीसेक अंश फाकतो. सरळपणा भिंगाचा.

हिरवा पॉइंटर वापरा असं सुचवणाऱ्यांना: स्वस्त पॉइंटरमध्ये १०६४ नॅनोमीटरचं इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बऱ्याचदा नसतो, आणि ते डोळ्याला दिसतही नाही. माझ्या टेबलावर तो येणार नाही.

पुढचा बेत होलोग्रामचा होता. तो थांबवतोय. हे लिहिता लिहिताच सुचलं की तापमान एक अंश वाढलं की लाल डायोड साधारण ०.२ नॅनोमीटर सरकतो, म्हणजे पुण्याच्या एप्रिलमध्ये सकाळ-दुपारच्या फरकात मोड उड्या मारणारच. तेव्हा आधी पेल्टिअर (विजेवर गार करणारी चकती) आणि थर्मिस्टर (तापमान मोजायला). पेल्टिअर इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत मिळेल. पंखा मात्र बसवणार नाही, त्याची थरथर नको. जुन्या सीपीयूचा हीटसिंक आहे, तो कडप्प्यालाच चिकटवून बघतो. आणि कोणाकडे जुनी हीलियम-निऑन ट्यूब (वायूवर चालणारा लेझर) सप्लायसकट पडून असेल तर कळवा, तिच्या ६३२.८ नॅनोमीटरवर हेच मोजून तुलना करायची आहे.