प्रयोगवही लिहायला शिकताना

पदवीच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला जाताना माझ्याकडे दोन वह्या असत. रफ वहीत आकडे सुचतील तसे उतरवायचे आणि मग सावकाश बसून, सुवाच्य अक्षरात, आखलेल्या तक्त्यांसह ते सगळे फेअर वहीत मांडायचे. फेअर वहीला चांगले गुण मिळत असल्यामुळे मी प्रयोगवही उत्तम ठेवते, असाच माझा समज होता. दुसऱ्या वर्षी शिकवायला आलेल्या मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितले, की यापुढे वही एकच असेल आणि ती शिवलेल्या बांधणीची असेल. पानांवर क्रमांक आधीच घालायचे, पहिली दोन पाने अनुक्रमणिकेसाठी सोडायची आणि जे लिहायचे ते प्रयोग चालू असतानाच, शाईने लिहायचे. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी बरोबर आकडा, कारण व आद्याक्षरे लिहायची. पान फाडलेले त्यांना अजिबात चालणार नव्हते.

हा नियम मला जाचक वाटला आणि तिसऱ्या आठवड्यात मी तो मोडला. वही माझ्या टेबलावर होती आणि वजनकाटा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून वजन मी हाताशी असलेल्या फिल्टर पेपरच्या तुकड्यावर लिहिले. तासाभराने तो तुकडा वापरलेल्या इतर कागदांबरोबर कचऱ्यात गेला होता. फ्लास्कमध्ये पदार्थ विरघळलेला होता, पण तो किती होता हे सांगणारे काहीच उरले नव्हते, त्यामुळे ते द्रावण टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्यानंतर मी वहीशिवाय वजनकाट्याकडे गेले नाही.

वहीचे खरे महत्त्व मला कळले ते सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची नेमकी तीव्रता काढताना. हा पदार्थ हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्यामुळे त्याचे नुसते वजन करून तीव्रतेवर भरवसा ठेवता येत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटसारख्या शुद्ध आणि स्थिर पदार्थाशी टायट्रेशन करून, म्हणजे त्यात हे द्रावण थेंबथेंब सोडून अभिक्रिया पूर्ण व्हायला ते किती लागते हे मोजून, ती ठरवावी लागते. कृतीत थॅलेट ‘सुमारे ०.५ ग्रॅम’ घ्या असे लिहिलेले होते. पूर्वी मी वहीतही ०.५ असेच लिहिले असते. आता काट्यावर दिसलेला आकडा, म्हणजे ०.५१०६ ग्रॅम, चारही दशांश स्थळांसह लिहिला. ब्युरेटची, म्हणजे द्रावण सोडायच्या खुणा आखलेल्या तोटीच्या नळीची, सुरुवातीची नोंद ०.३५ मिली आणि शेवटची २५.१० मिली होती. या दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे लिहाव्यात आणि वजाबाकी नंतर करावी, असा मॅडमचा आग्रह होता, कारण मनात केलेली वजाबाकी चुकली तर ती पुढे तपासताच येत नाही. २४.७५ मिलीवरून तीव्रता ०.१०१० मोलार आली आणि दुसऱ्या वेळी ०.१०११. तिसऱ्या वेळी मात्र ती ०.०९९० आली.

इथे मनात मोह आला, हे मला मान्य केले पाहिजे. तिसरे टायट्रेशन सोडून आणखी एक करावे आणि जुळणारे तीन आकडे मांडावेत, असे वाटले. फेअर वहीच्या काळात मी बहुधा तेच केले असते आणि कोणाला कळलेही नसते. पण वहीत त्या टायट्रेशनसमोर, आकड्यांच्या उजवीकडे, घाईघाईने लिहिलेली एक ओळ होती: ‘ब्युरेटच्या टोकातला बुडबुडा १२ मिलीच्या आसपास निघून गेला.’ लिहिताना त्या ओळीला काही अर्थ असेल असे मला वाटले नव्हते. ती मॅडमना दाखवली तेव्हा त्यांनी मलाच विचारले, की बुडबुड्याची जागा कशाने भरली? ती द्रावणानेच भरली होती. म्हणजे ब्युरेटवर जेवढे द्रावण गेलेले दिसत होते, तेवढे फ्लास्कमध्ये पडलेच नव्हते. मोजलेले आकारमान फुगले आणि तीव्रता कमी आली. ती नोंद मी खोडली नाही. ‘बुडबुड्यामुळे सरासरीत धरलेली नाही’ असे लिहून चौथे टायट्रेशन केले. ती एक ओळ नसती, तर तिसरा आकडा वगळण्याचे प्रामाणिक कारण माझ्याकडे नव्हते.

पुढे ॲस्पिरिनच्या प्रयोगात याच सवयीचा पुन्हा उपयोग झाला. २.०० ग्रॅम सॅलिसिलिक आम्लापासून जास्तीत जास्त २.६१ ग्रॅम ॲस्पिरिन मिळू शकते, हे गणित मी प्रयोगशाळेत जाण्याआधीच मोलार वस्तुमानांच्या तक्त्यासह वहीत करून ठेवले होते. हाती आले २.९० ग्रॅम, म्हणजे १११ टक्के. तक्ता आधीच समोर असल्यामुळे हा आकडा अशक्य आहे हे तिथल्या तिथे दिसले. स्फटिक ओले होते. वजनाखाली ‘ओले’ असे लिहिले आणि पूर्ण वाळल्यावर २.०९ ग्रॅम अशी नवी नोंद नव्या तारखेने केली.

वर्षाच्या शेवटी मॅडमनी आमच्या वह्यांची अदलाबदल केली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या वहीवरून, त्याला काहीही न विचारता, एक प्रयोग करायचा होता. माझी वही ज्या मैत्रिणीकडे गेली तिने ॲस्पिरिनच निवडले आणि मध्येच थांबून ती माझ्याकडे पाहू लागली. तास संपल्यावर तिने विचारले, “मिश्रण बर्फात किती वेळ ठेवलं होतंस? तू फक्त ‘थंड केले’ एवढंच लिहिलं आहेस.” मी आठवायचा प्रयत्न केला. दहा मिनिटे असावीत, कदाचित पंधरा. त्या जुन्या पानावर, तळाशी उरलेल्या जागेत, मी त्या दिवशीची तारीख घालून लिहिले: ‘बर्फात ठेवल्याची वेळ नोंदवलेली नाही.’ खाली आद्याक्षरे केली आणि वही तिच्याकडे परत दिली.