भरतीचा एक तास

पाणपक्ष्यांची मोजणी आम्ही भरतीला करतो. ओहोटीत ते चिखलभर विखुरलेले असतात. पाणी चढून खाण्याची जागा बुडाली की उरलेल्या कोरड्या पट्टीवर गोळा होऊन झोपतात. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला ही वेळ दुपारी बारा-साडेबाराची. त्या दिवशी सर्वपित्री होती. अलिबागजवळ आक्षीला पाणी सुरूच्या बनापर्यंत आलेलं आणि मधल्या दहा-बारा पावलांच्या पुळणीवर चिखल्यांचा, म्हणजे छोट्या किनारपक्ष्यांचा, थवा.

स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, लावला. मोठे पक्षी लगेच कळत होते: पिसं झिजलेली, छातीवर विणीच्या दिवसांतला विटकरी रंग अजून थोडा शिल्लक. बाकीची यंदाची पिल्लं. पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट बदामी कड, अगदी कोरी. एक पिल्लू एका पायावर उभं होतं, चोच पाठीत खुपसून. मधूनच डोळा उघडायचं, मिटायचं. ५०-६० ग्रॅमचा जीव, लडाख-तिबेटच्या पठारावर ४००० मीटरच्या वर जन्मलेला. यांचे आईबाप आधी निघून येतात, पिल्लं मागाहून. वाट दाखवायला कोणी नसतं. कितीही वर्षं पाहिलं तरी मला याचं नवल वाटतंच.

१४० मोजून झाले आणि पाण्याच्या कडेने पर्यटकांची जीप भरधाव आली. थवा उठला. घिरट्या घालून टेकतो न टेकतो तोच जीप परत. असं चारदा. चौथ्यांदा काही पिल्लं थव्याबरोबर वळलीच नाहीत, जाळ्यांच्या ढिगाआड उतरली. अंगावरची चरबी जाळत इथवर आलेली ही पाखरं. आता आणखी किती उडायचं त्यांनी? मी हात करून ओरडत होते, गाडी थांबेना.

होडीच्या सावलीत जाळं सांधत बसलेल्या काकांनी विचारलं, "काय झालं गं पोरी?" सांगितलं. ते उठले, नांगराचा दोर घेतला, एक टोक होडीला, दुसरं सुरूच्या बुंध्याला बांधलं आणि मधे लाल फडकं अडकवलं. जीप आली, थांबली.

"पाणी उतरू दे, मग जा," एवढंच म्हणून ते परत जाळ्याशी बसले.

थवा स्थिरावायला दहा मिनिटं लागली. जाळ्यांआडची पिल्लं चालतच त्यात मिसळली. मी पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. दीडच्या सुमारास पाणी सरलं आणि सगळी ओल्या वाळूवर धावत, थबकत, टोचत पांगली. काकांनी दोर सोडला तो त्यानंतरच.