पट्ट्या नाकावर वळत नाहीत

अलीकडे एका लघुपटाचं डीआय, म्हणजे शूटनंतर रंग-उजेड बसवायचं काम, माझ्याकडे आलं. फुटेज रंगीत, लॉगमध्ये (नंतर रंग हवे तसे वळवता यावेत म्हणून फिकट) शूट केलेलं. दिग्दर्शकाची मागणी एवढीच: "ताई, याचं फिल्म न्वार करून द्या." म्हणजे जुन्या हॉलिवूड गुन्हेपटांसारखं, गडद सावल्यांचं ब्लॅक अँड व्हाइट. काम देऊन झालं, पैसेही आले, तरी ते डोक्यातून जात नाही.

पहिल्याच फ्रेमला कळलं की अडचण आहे. मोठ्या सॉफ्टबॉक्सचा मऊ उजेड सगळीकडे सारखा पसरलेला, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू उजळ. सेटवर 'सेफ' शूट करायचं आणि मूड डीआयला आणायचा, अशी सध्याची रीत आहे. मला ती अजिबात पटत नाही. लाइटमनने उजेड अडवणारा एक काळा कटर लावून झालं असतं ते काम आमच्या गळ्यात येतं, आणि तरी नीट होत नाही.

न्वारच्या काळात हॉलिवूडमध्ये तीन दिव्यांची घडी बसलेली होती: मुख्य उजेडाचा 'की', त्याच्या सावल्या भरून काढणारा 'फिल' आणि मागून येणारा 'बॅक'. १९४०च्या दशकात न्वारच्या छायालेखकांनी त्यातला फिल उतरवला, कधी काढूनच टाकला. बॅक लाइट मात्र बहुतेक वेळा ठेवला. त्यामुळे काळ्या कोटाच्या खांद्यावर बारीक उजळ रेघ दिसते, नाहीतर मागची भिंत तरी उजळलेली असते. 'द बिग कॉम्बो'च्या (१९५५) शेवटी छायालेखक जॉन ऑल्टनने धुक्यात मागून प्रकाश टाकला आणि दोन माणसं नुसत्या आकृत्या म्हणून उभी केली. चेहरे दिसत नाहीत, तरी कोण कुठे उभं आहे ते लख्ख कळतं. माझ्या फुटेजमध्ये गडद भाग आणखी काळे केले की नायिकेचे केस, सोफा आणि भिंत यांचा एकच गोळा व्हायचा, कारण कड कुठे नव्हतीच.

रंग नुसता काढून टाकणं हा आणखी एक गैरसमज. तिचं मरून ब्लाउज आणि मागची बाटली-हिरवी भिंत, दोन्ही एकाच राखाडीत गेले. लाल चॅनल वाढवला तर त्वचा छान उजळते, पण ओठ पुसले जातात. निळा वाढवला की ओठ गडद होतात आणि त्वचेवरचा प्रत्येक डाग वर येतो. शेवटी हिरव्यावर भर दिला, किंचित निळा मिसळला. ब्लाउज भिंतीपासून सुटलं, ओठ जागेवर आले. त्या मिश्रणाचा मला अजूनही अभिमान आहे.

मग आल्या खिडकीच्या पट्ट्या. 'डबल इंडेम्निटी'मध्ये (१९४४) छायालेखक जॉन साइट्झने पडद्यांच्या फटींतून प्रकाश पाडला, तशी सावली दिग्दर्शकाला चेहऱ्यावर हवी होती. मी पट्ट्यांच्या आकाराचे मास्क काढले, ते चेहऱ्याच्या हालचालीबरोबर सरकतील असे ट्रॅक केले. खरी पट्टी नाकावर चढते, डोळ्याच्या खोबणीत उतरते, गालावरून वळते. माझ्या पट्ट्या काचेवर रंगवल्यासारख्या सरळ. हाताने एकेक वाकवली. चेहरा स्थिर होता तोवर निभावलं. तिने मान वळवली आणि सोंग उघडं पडलं. निर्माते म्हणाले, "मस्त!"

याच फुटेजमध्ये जिन्याचा एक शॉट होता. बाकीचं सामान आवरल्यावर उरल्या वेळात घेतलेला, असं सहायकाने सांगितलं. खालच्या मजल्यावर एकच उघडा दिवा, कठड्याच्या गजांच्या लांबलचक सावल्या भिंतीवर तिरक्या चढलेल्या, आणि माणूस त्या सावल्या तोडत वर येतो. मला जवळजवळ काहीच करावं लागलं नाही. थोडा कॉन्ट्रास्ट दिला, नॉइज आवरला, बस्स.

तोच कापायचा ठरला. "चेहरा दिसत नाही, मोबाइलवर तर काहीच कळणार नाही." मी बरीच वादावादी केली, माझ्या फोनवर खोलीतले दिवे घालवून दाखवला. दिव्याखाली दाखवला तेव्हा मात्र खरंच नुसता काळा चौकोन दिसला. हा मुद्दा मला खोडता आला नाही. न्वार अंधाऱ्या थिएटरसाठी उजळलेलं होतं, आणि लोक आता लोकलमध्ये भर उन्हात सिनेमा बघतात.

शेवटी तडजोड झाली. महोत्सवांच्या प्रतीत शॉट ठेवला, ऑनलाइनच्या प्रतीतून काढला. पट्ट्या मात्र दोन्हींत आहेत. मोबाइलसाठी जिन्याची वेगळी, उजळ ग्रेड (रंग-उजेडाची मांडणी) करून देते म्हणून मी विचारलं आहे. गज आणि माणूस वेगळे राहतील इतपत मधले टोन उचलता येतील असं वाटतं. अजून उत्तर आलेलं नाही.